बाया हसल्या, ते प्रबंधात लिहायचं की गाळायचं?

बालाघाटी | ९ फेब्रुवारी, रात्री १०:४०

मंडळी, नमस्कार. विषय माझ्या प्रबंधातला आहे. आपल्यात सर्वेक्षणं केलेली माणसं आहेत, शिक्षक आहेत, आणि सर्वेक्षणवाल्यांना उत्तरं देऊन कंटाळलेलीही आहेत, म्हणून इथं विचारतेय.

मी समाजशास्त्रात पीएच.डी. करतेय. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची उचल, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून (मजूर नेणाऱ्या कंत्राटदाराकडून) घेतलेली आगाऊ रक्कम आणि तिची फेड, हा विषय. दोन हंगाम त्यांच्याबरोबर फडावर राहिले. झोपायला कोपी, म्हणजे फडावरची झोपडी, पहाटे उठून मोळ्या बांधायच्या, रात्री गाडी भरताना बॅटरी धरायची. एकेक मुलाखत ऐकून ऐकून शब्दशः कागदावर उतरवली.

उतरवताना मी जागोजागी कंसात लिहिलं होतं: (हसते), (सगळ्या हसतात), (एकटीच हसते, मग गप्प). मार्गदर्शकांनी ते सगळे कंस लाल पेनानं खोडले. बाई काय बोलली तेवढं ठेवा, हशा-टाळ्या सभेच्या वृत्तांतात शोभतात, असं त्यांचं म्हणणं. माणूस वाईट नाही, शिकवलंयही मनापासून. पण हे खोडणं मला पटत नाही. का, ते दोन प्रसंगांतून सांगते.

पहिल्या हंगामातला प्रसंग. एक बाई फडावरच बाळंत झाली होती. बाराव्या दिवशी तिनं कोयता हातात घेतला. ते सांगताना म्हणाली, "पाचवी पाचटातच पुजली माय. सटवाईला लेकराचं कपाळच घावलं नसंल, समदं पाचट चिकटलेलं." आणि हसली. मीही हसले. त्याबरोबर ती गप्प झाली. चूल पेटवायची म्हणून उठून गेली, ती पुन्हा त्या विषयावर कधीच बोलली नाही. महिनाभर मला कळेना की माझं चुकलं काय.

दुसरा प्रसंग त्यानंतरच्या हंगामातला. संध्याकाळी पाचसहा जणी भाकरी थापत बसल्या होत्या. उचलीचा विषय निघाला तशी एक म्हणाली, "मुकादमाला म्हणलं, दादा, ह्या जन्माची तर काय फिटत न्हाई. पुढल्या जन्माची बी आत्ताच देऊन टाक, तुझी एक चक्कर तरी वाचंल." सगळ्या फुटल्या. एकीनं तोंडात पदर कोंबला. मी मात्र पहिल्या वेळची धास्ती मनात धरून वहीवर मान घालून बसलेले. "हिला कळलंच न्हाई वाटतं," म्हणून त्या आणखी हसल्या. मग मलाही हसू आलं. त्यानंतर तासभर एकेक जण आपापल्या मुकादमाचं सांगत गेली. कुणाचे किती खाडे धरले, दुखणं आलं त्या दिवसाचे पैसे कसे कापले, हिशेबाची वही कुणाच्या हातात असते. दोन महिने मी हेच प्रश्न कागद समोर धरून विचारत होते आणि उत्तर यायचं, "सगळं बरंय, ताई."

दोन्ही वेळा कागदावर एकच शब्द येतो, 'हसली'. पण एकीच्या हसण्यात मी सामील झाले तर दार बंद झालं, आणि दुसऱ्यांच्या हसण्यात सामील झाले नव्हते तोवर दार उघडलं नाही.

पुढं वाचताना संभाषणाचा अभ्यास करणाऱ्या गेल जेफरसन यांचा १९८४ चा लेख हाती आला. माणसं आपली अडचण सांगताना मध्येच का हसतात, हाच त्याचा विषय. सांगणारा हसतो, कारण त्याला दाखवायचं असतं की मी अजून उभा आहे, सोसतोय. ऐकणाऱ्यानं तेव्हा हसायचं नसतं, अडचणीकडे लक्ष द्यायचं असतं. थट्टेचं बोलणं असेल तिथं मात्र हसणारा इतरांना हसायचं निमंत्रणच देत असतो. हे वाचून मी तो पहिला प्रसंग पुन्हा ऐकला आणि फार वाईट वाटलं. तिनं मला हसायला बोलावलंच नव्हतं.

याच जेफरसन बाईंनी हसणं 'हसतात' अशा एका शब्दात न गुंडाळता, कुठल्या शब्दाच्या कुठल्या अक्षरावर हसू फुटलं तेही लिहून काढायची पद्धत बसवली. मग मी चूक काय केली? तुमचे अनुभव सांगा. उलट बाजूनं बोललात तरी चालेल, मला प्रबंधाच्या परीक्षक समितीपुढं उभं राहायचंय.

मांजराकाठ | १० फेब्रुवारी, सकाळी ७:१५

ताई, खोडू देऊ नका. थट्टा ही समाजशास्त्राला परकी गोष्ट नाहीच. मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० सालीच थट्टेच्या नात्यांवर लेख लिहिलाय. काही नात्यांत एकानं दुसऱ्याची टर उडवायची आणि दुसऱ्यानं राग मानायचा नाही, अशी रीतच असते. जिथं जवळीक पाहिजे पण भांडणाची भीतीही आहे, अशा नात्यांत हे दिसतं, असा त्यांचा विचार. सासू किंवा सासऱ्यासमोर तोंड न दाखवणं हा त्याच अडचणीवरचा दुसरा तोडगा.

आपल्याकडे हे पुस्तकात बघायची गरज नाही. धाकट्या दिराशी भावजय काय वाटेल ते बोलते, भाया, म्हणजे थोरला दीर, आला की पदर पुढं ओढते. घर एक, भाऊ सख्खे. मामाच्या पोरीशी भाच्याची थट्टा चालते कारण उद्या ती बायको होऊ शकते, चुलत बहिणीशी चालत नाही.

आणि आमच्या केज तालुक्यातलं विडा तर सगळ्यांना माहीत आहे. धुळवडीला जावयाला गाढवावर बसवायचं, गळ्यात चपलांचा हार, वाजतगाजत गावभर मिरवणूक. ऐंशी-नव्वद वर्षांची परंपरा. धुळवड जवळ आली की जावई गाव सोडून पळतात आणि गावकरी माणसं लावून त्यांना हुडकून आणतात. मिरवणूक संपली की त्याच जावयाला नवे कपडे आणि सोन्याची अंगठी. वर्षभर ज्याच्यापुढं सासुरवाडीनं वाकायचं, मानपान करायचा, त्याला एक दिवस गाढवावर. माझे एक नातेवाईक असे बसलेले आहेत, अंगठी अजून बोटात घालतात आणि कुणी विचारलं की अभिमानानं दाखवतात.

आता ह्याचा अभ्यास करताना हशा गाळून फक्त 'जावयास वस्त्र व अलंकार दिले' एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला काय समजणार?

आकडेमोड | १० फेब्रुवारी, रात्री ९:०५

धागा आवडला, पण मी उलट बाजूनं लिहितो. गेली अठरा वर्षं जालना, परभणी, हिंगोलीत घरोघरच्या सर्वेक्षणांवर पर्यवेक्षक म्हणून काम करतोय. थट्टेनं किती आकडे नासतात ते मी रोज बघतो.

कॉलेजच्या पोरांना प्रश्नावली द्या. चौघं एका बाकावर असले की दारूच्या प्रश्नाला 'रोज' लिहिणारच. अमेरिकेत किशोरवयीन मुलांचा एक मोठा राष्ट्रीय अभ्यास झाला. शाळेत भरून घेतलेल्या प्रश्नावलीत बऱ्याच मुलांनी आपल्याला कृत्रिम हात किंवा पाय असल्याचं लिहिलं. नंतर घरी जाऊन मुलाखती घेतल्या तेव्हा त्यातल्या जवळपास सगळ्यांचे हातपाय धडधाकट निघाले. आता हीच मुलं इतर प्रश्नांनाही गमतीनं उत्तरं देणार. दत्तक मुलं, अपंग मुलं असे गट मुळात लहान असतात, त्यात ही खोटी नावं मिसळली की त्या गटाबद्दल भलतेच निष्कर्ष निघतात आणि धोरण त्यावर ठरतं. नुकसान खऱ्या अपंग मुलाचं होतं.

दुसरं उदाहरण समाजशास्त्र शिकलेल्यांना माहीत असेल. मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड यांनी १९२८ मध्ये पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरच्या किशोरींवर पुस्तक लिहिलं. १९८३ मध्ये डेरेक फ्रीमन यांनी त्यावर टीका केली आणि पुढं असंही मांडलं की मुलींनी आपल्या प्रेमसंबंधांविषयी मीडला थट्टेनं काहीबाही सांगितलं, तिला ते खरं वाटलं. मीड तेव्हा हयात नव्हत्या, १९७८ लाच गेल्या. पॉल शँकमन यांनी २००९ च्या पुस्तकात फ्रीमन यांचा दावा पुराव्यावर टिकत नाही हे दाखवलं, हे मी मान्य करतो. पण तोवर पाव शतक एका संशोधक बाईच्या नावाला डाग लागून राहिला. डाग लावायला 'त्या पोरी गंमत करत होत्या' एवढं वाक्य पुरलं.

म्हणून ताई, तुमच्या मार्गदर्शकांची भीती अगदीच अनाठायी नाही. कंसात 'हसते' लिहिलं की समितीतला एखादा म्हणणार, म्हणजे ती खरं बोलत नव्हती.

बालाघाटी | ११ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

आकडेमोड, मनापासून आभार. हाच प्रश्न समितीत येणार हे मला आत्ता कळलं.

पण मला असं वाटतं की मीड यांच्या वादातून उलटाच धडा निघतो. कोण केव्हा हसत होतं, कोण समोर होतं, हे त्या वेळच्या टिपणांत जितकं तपशिलानं असेल तितकं नंतर कुणाला हवेतून बोलणं अवघड जाईल. तुमच्या बाकावरच्या चार पोरांचंही तेच. हसणं नोंदवलं तरच तो कागद बाजूला काढता येतो.

समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड रॉय यांनी १९५९ मध्ये लिहिलेला एक लेख आहे. ते स्वतः कारखान्यात यंत्रावर कामाला होते, दिवसभर तेच ते काम. सोबतचा एक जण रोज ठरावीक वेळी दुसऱ्याच्या डब्यातलं केळं चोरून खायचा, तो दुसरा रोज ओरडायचा. रॉय यांना सुरुवातीला हा निव्वळ पोरखेळ वाटला, लक्ष देण्याजोगा नाही असंच वाटलं. हळूहळू दिसलं की ह्याच खोड्यांनी तो लांब दिवस तुकड्यातुकड्यांनी कापला जातो. एकदा थट्टा एकाला लागली तर सगळी खोलीच अबोल झाली, आणि ते दिवस कामाला जड गेले. मी हे फडावर बघितलंय. ज्या टोळीत थट्टा बंद पडते तिथं काहीतरी बिघडलेलं असतं, बहुतेक वेळा पैशावरून.

सिंदफणा | ११ फेब्रुवारी, दुपारी २:३०

मी शिकलेला कमी, पण उत्तरं देणाऱ्यांपैकी आहे. आमच्या गावात आत्महत्येनंतर किती जण वह्या घेऊन आले मोजलं नाही. एक गोष्ट सांगतो, कुणी मनाला लावून घेऊ नका. पावणा गेला की पारावर त्याची नक्कल होते. कसा बसला, चहा कसा फुंकला, 'आपल्याला कसं वाटलं' कसं विचारलं. माझा भाऊ गेला तेव्हा एकानं विचारलं होतं, घरातल्या वातावरणात काही बदल जाणवला का. हे आम्ही वर्षभर एकमेकांना विचारत होतो. जेवायला बसलं की, 'वातावरणात काही बदल?' माझी आई हसायची त्याला. भाऊ गेल्यावर ती पहिल्यांदा हसली ती त्यावर.

ताई, तुमच्या वहीत हे कुणी लिहिलेलं नसणार. लिहा.

तेरणाथडी | ११ फेब्रुवारी, रात्री ११:२०

सिंदफणा, वाचून थांबलो थोडा वेळ.

लातूरचा आहे. एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, साडेतीनशे किलोमीटरवरून. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत फोन उचलला की 'काय करूलालास' ला एकच उत्तर, 'आंघोळीचा इचार करूलालो'. सोयरिकीत पोराचं शेत विचारायच्या आधी घरात बोअर आहे का ते विचारा म्हणायचे. आम्ही घागरींच्या रांगेत रात्री दोन वाजता हसायचो, आणि त्याच रांगेत मारामाऱ्याही व्हायच्या, दोन्ही खरं.

ओब्रदलिक म्हणून एक समाजशास्त्रज्ञ होते, नाझींच्या ताब्यात गेलेल्या चेकोस्लोव्हाकियातल्या लोकांच्या विनोदांवर त्यांनी १९४२ मध्ये लिहिलं. फासाखालचा विनोद दबलेल्यांचा धीर टिकवतो आणि वरचा अस्वस्थ होतो, असं त्यांचं निरीक्षण. आमचा दुष्काळ आणि ती राजवट एका तागडीत घालत नाही. पण रांगेतला विनोद कुणावर होता हे बघण्यासारखं आहे. पहिल्या महिन्यात देवावर आणि पावसावर. मे उजाडेपर्यंत नगरपालिकेवर आणि टँकरवाल्यांवर आला. लोकांना कारण कुठं दिसायला लागलं ते विनोदाच्या नेमावरून कळत होतं. त्या वेळी कुणी तारीखवार लिहून ठेवलं असतं तर मोलाचं काम झालं असतं.

नागसेनवन | १३ फेब्रुवारी, सायंकाळी ६:१०

सगळे प्रतिसाद वाचले. चांगले आहेत. पण आतापर्यंत सगळ्यांनी सोसणाऱ्याच्या हसण्याबद्दल लिहिलं. सोसायला लावणाराही हसतो, आणि जास्त हसतो.

समाजशास्त्रज्ञ रोझ लॉब कोझर यांनी १९६० मध्ये एका मनोरुग्णालयातल्या डॉक्टर-कर्मचाऱ्यांच्या बैठकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विनोद वरून खाली वाहतो, असं त्यांना दिसलं. ज्येष्ठ डॉक्टर कनिष्ठांवर विनोद करायचे, कनिष्ठ क्वचितच उलट करायचे. करायचेच तर रुग्णांवर नाहीतर स्वतःवर. नोंदवलेल्या १०३ विनोदांपैकी ९९ पुरुषांनी केलेले. विनोदबुद्धी असलेल्या बायका तिथं होत्या, बैठकीत त्या हसण्याचं काम करायच्या.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या विभागातला स्टाफरूम आठवला. मी राखीव जागेवर लागलो. पहिली दोन वर्षं रोज 'जावई आले' म्हणायचे, सरकारचे जावई. सगळे हसायचे. मांजराकाठ, तुमच्या विड्याच्या जावयाला शेवटी अंगठी मिळते आणि तो ती मिरवतो. मला ते 'जावई' रोज गिळावं लागायचं. रागावलो तर 'थट्टाही कळत नाही, फारच मनाला लावून घेतोस' हे वर. रॅडक्लिफ-ब्राउन यांच्या मांडणीत दोन्ही बाजूंना ती रीत मान्य असते असं गृहीत आहे. मला कुणी विचारलं नव्हतं. मीही हसायचो, ते कुणी कंसात 'सगळे हसतात' असं लिहिलं असतं तर माझ्याबाबतीत धडधडीत खोटं ठरलं असतं.

आपल्याकडे ह्याला उत्तरही विनोदानंच दिलं गेलं. सत्यशोधकी जलशांनी तमाशाचाच बाज घेतला आणि भटशाहीची टर उडवली, पुढं आंबेडकरी जलशांनी तीच वाट गावोगाव नेली. तक्क्यात, म्हणजे वस्तीच्या बैठकीच्या जागी, लोक पोट धरून हसत आणि घरी जाऊन मेलेलं ढोर ओढणं सोडत. त्या हसण्याचा अभ्यास व्हायला पाहिजे. पण 'ग्रामीण विनोद' अशा एका पोत्यात स्टाफरूम आणि जलसा दोन्ही भरू नका, एवढी विनंती. ताई, मुकादमही थट्टा करत असणार. तीही तुमच्या वहीत आहे का?

बालाघाटी | १३ फेब्रुवारी, रात्री ११:५५

आहे. लिहिली नव्हती, पण आहे. तुमचा प्रतिसाद वाचून जुनी ध्वनिमुद्रणं पुन्हा ऐकायला बसले.

पैसे वाटताना मुकादम एका बाईला म्हणतो, "तुला काय कमी, तुझा नवरा वाघ हाय." नवरा आजारी, तोडीला येत नाही, त्यामुळं अर्धा कोयता म्हणून तिचा हिशेब (नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात). बाकीचे पुरुष हसतात. मी तिथं फक्त '(हशा)' लिहिलंय. कोण हसलं नाही ते लिहिलंच नाही. ध्वनिमुद्रणात त्या बाईचा आवाजच नाही. मी तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघितलं होतं की नाही, हे आता आठवत नाही, आणि त्याची रुखरुख लागून राहिलीय.

सगळे कंस नव्यानं करतेय. कुणी सुरुवात केली, कोण सामील झालं, कोण नाही, त्या वेळी मी काय केलं. वेळ लागेल.

आकडेमोड | १४ फेब्रुवारी, सकाळी ८:००

हे असं असेल तर माझा आक्षेप मागं घेतो. आमच्या प्रश्नावल्यांच्या शेवटी 'मुलाखतीच्या वेळी आणखी कोण हजर होतं' अशी एक चौकट असते. पोरं ती डोळे झाकून 'कोणी नाही' भरतात. ह्या वेळच्या प्रशिक्षणात तेवढ्या एका चौकटीवर अर्धा दिवस देणार आहे. दोन पानं कंसांसकट मला पाठवाल का? नावं काढून.

मांजराकाठ | १४ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नागसेनवन, तुमचं बरोबर आहे. विड्यातही राजी नसलेला, पळून गेलेला आणि धरून आणलेला जावई असतोच की. त्याला कुणी बोलतं केलंय असं मला तरी माहीत नाही. यंदा धुळवडीला जाऊन विचारतो.

बालाघाटी | ६ एप्रिल, दुपारी ४:२०

धागा वर आणतेय, कारण सांगण्यासारखं घडलंय. पाडव्याच्या सुमाराला टोळ्या गावी परत आल्या. मी नव्यानं लिहिलेली पानं घेऊन गेले आणि त्याच बायकांना वाचून दाखवली, कंसांसकट. संमतीच्या कागदावर त्यांनी अंगठे दिले होते ते बोलण्यासाठी. हसण्याचं मी विचारलंच नव्हतं.

पुढल्या जन्माच्या उचलीचं आलं तेव्हा पुन्हा सगळ्या हसल्या. जिनं ते म्हटलं होतं ती म्हणाली, "मी आसं म्हणले व्हते? चांगलं म्हणले की." वाघाचं आलं तेव्हा कुणीच हसलं नाही. त्या बाईनं एवढंच विचारलं, हे कोण कोण वाचणार. मी समिती, विद्यापीठाचं ग्रंथालय वगैरे सांगितलं. मग त्यांच्यात बराच वेळ बोलणं झालं, मी बाहेर जाऊन बसले होते.

ठरलं ते असं. हसल्याचं सगळं ठेवायचं. मुकादमाच्या बोलीतले दोन शब्द बदलायचे, कारण त्यावरून माणूस ओळखू येतो आणि पुढच्या हंगामाची उचल त्याच्याकडूनच घ्यायचीय. सटवाईचं वाक्य मात्र काढून टाकायचं. ती बाई म्हणाली, "ते मी तुला सांगितलं व्हतं, कागदाला न्हाई."

मार्गदर्शकांना परवा हे सगळं सांगितलं. त्यांनी पानं ठेवून घेतली आहेत.

आणि हो, सटवाईचं वाक्य मी वर पहिल्याच पोस्टमध्ये लिहून बसलेय. संपादकांना कळवलंय, ते तिथून काढायला सांगितलंय. तोवर कुणी ते पुढं पाठवू नका, हात जोडून सांगते.